पाचवा मणी

"आई, एवढा एक घास. लहान आहे बघ."

धैर्यशीलनं चमचा पुढं केला आणि डाव्या हातातल्या फोनवर नजर टाकली. शालनबाईंनी मऊ भात तोंडात घेतला, बराच वेळ घोळवला आणि डोळे मिटून गिळला. फोनवर एकाखाली एक अशा पाच रेघा सरकत होत्या. पहिली उचलली, मग दुसरी, तिसरी, चौथी. घास खाली निघाला होता. पाचवी रेघ मात्र जिथल्या तिथं राहिली आणि बघता बघता लाल झाली.

"बास रं." शालनबाईंनी छातीच्या मध्यावर हात ठेवला. "हितं बसलाय. खाली उतरंना."

"आत्ताशी तीन चमचे झालेत, आई."

"व्हय की." हातून कप फुटल्यावर माणूस बघतं तशा ओशाळलेल्या चेहऱ्यानं त्या त्याच्याकडं बघत राहिल्या. "तू जेवलास का?"

"माझं काय पळून जातंय? तुझं होऊ दे आधी."

अकरा आठवडे हाच कार्यक्रम चालला होता, दिवसातून चार वेळा. घरात काहीही शिजो, पातेलं उतरलं की पहिली आईची चांदीची वाटी भरायची. गरम, मऊ, बिनतिखटाचं. मग समोर खुर्ची ओढून बसायचं, घास मोजायचे, रेघा बघायच्या. तिसऱ्या-चौथ्या चमच्याला आई थांबली की आर्जवं करायची, मग चिडायचं, मग चिडलो म्हणून मनाला लावून घ्यायचं. तिचं आटोपलं की ओट्यापाशी उभ्या उभ्या स्वतः काहीतरी पोटात ढकलायचं, तेही आठवण राहिली तर. धैर्यशील बावन्न वर्षांचा होता आणि आरशात बासष्टचा दिसायला लागला होता. आपल्याला आईची माया आहे म्हणून हे चाललंय की सुरू केलंय म्हणून चाललंय, हे हल्ली त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. शालनबाईंचं वजन अडतीस किलोवर आलं होतं.

त्या पाच रेघा म्हणजे पाच मणी. ज्वारीच्या दाण्याएवढे. दुर्बिणीतून अन्ननलिकेत सोडून आतल्या अस्तराला चिमटीनं अडकवलेले, घशापासून पोटाच्या तोंडापर्यंत एकाखाली एक. सहा महिन्यांनी ते आपोआप सुटायचे आणि पोटावाटे निघून जायचे. प्रत्येक मण्याला दोनच गोष्टी कळत: भोवतीचा स्नायू किती जोरानं आवळतोय आणि तिथं आंबटपणा किती आहे. त्यांना बॅटरी नव्हती. गिळताना अन्ननलिका जी पिळली जाते तेवढ्या जोरावर ते चालायचे आणि गळ्यातल्या डबीला आकडे पाठवायचे. पूर्वी हेच मोजायला नाकातून नळी घालत. परक्या खोलीत, परक्या माणसांसमोर, नाकात नळी घेऊन दहा घोट पाणी प्यायचं, आणि त्या दहा घोटांवर माणसाच्या घशाचा निकाल लागायचा. चोवीस तास नळी लावून घरी पाठवलं तरी लोक तेवढा एक दिवस साधुसंतासारखे वागायचे. मिरची बंद, चहा बंद, आठ वाजता अंथरुणात. मोजलं जायचं ते साधूचं पोट, औषध मिळायचं खऱ्या माणसाला. मण्यांनी ती भानगड मिटवली. सहा महिने कुणालाच साधू राहता येत नाही.

पाचवा मणी सर्वात महत्त्वाचा. अन्ननलिका जिथं पोटाला मिळते तिथं स्नायूचं एक कडं असतं. एरवी ते घट्ट मिटलेलं असतं, पोटातला आंबट रस वर येऊ नये म्हणून. घास वरून निघाला की मेंदूकडून येणारी एक नस त्या कड्याला सैल पडायला सांगते, चार-सहा सेकंद दार उघडतं, घास आत जातो, दार मिटतं. दाबाचा आकडा गिळल्याबरोबर पंधराच्या खाली आला पाहिजे. शालनबाईंचा तीस-बत्तीसवर अडायचा. घास दारातच थांबायचा, तिथंच आंबायचा, आणि आडवं झालं की खोकल्याबरोबर वर यायचा.

आंबणं म्हणजे काय हे धैर्यशीलला कुणी शिकवायची गरज नव्हती. दूध संघाच्या प्रयोगशाळेत त्यानं सव्वीस वर्षं काढली होती. कुठल्या गावचं दूध उन्हात किती वेळ थांबलंय हे तो आकड्यावरून सांगायचा. पुढं टाक्याच आपली तपासणी आपण करायला लागल्या आणि संघानं त्याला मानानं घरी पाठवलं. बायको माधवी कॉलेजात शिकवायची, ती नऊला जायची ती सहाला यायची. सांगलीतल्या त्या तीन खोल्यांत दिवसभर धैर्यशील, आई आणि पाचवा मणी.

दर महिन्याला मिरजेला डॉक्टर नसरीन मुजावर यांना अहवाल दाखवायचा असे. एप्रिलमध्ये त्यांनी अहवाल बराच वेळ बघितला आणि शालनबाईंना बाहेर बसायला सांगितलं.

"धैर्यशील, वजन असंच उतरत राहिलं तर आपल्याला थांबता येणार नाही. कडं कापून सैल करायचं ऑपरेशन असतं, पण त्यांचं हृदय भूल सोसणार नाही. पोटाला बाहेरून छोटं भोक पाडून नळी बसवू. तेवढी जागा बधिर केली की होतं. पातळ अन्न थेट पोटात."

"आणि तोंडानं?"

"जवळजवळ बंदच. अन्न फुप्फुसात जायची भीती आहे." त्यांनी दिनदर्शिका बघितली. "वीस तारीख धरते. अजून बारा दिवस आहेत. आकडे सुधारले तर मलाच आनंद आहे."

धैर्यशील उठला, पण डॉक्टरांनी हातानं थांबवलं. सांगू की नको असं त्यांचं चाललं होतं.

"एक दाखवायचं होतं. मणी जानेवारीत बसवले तेव्हा आई तासगावकडं तुमच्या भावाकडं होत्या ना? तिथले तेवीस दिवस बघा."

पडदा निळा होता. दहा घासांमागे सात-आठ वेळा पाचवा मणी सैल पडत होता. पुढचा पडदा सांगलीचा. दहात तीन. कधी दोन.

"आजार वाढला असेल," धैर्यशील म्हणाला.

"मलाही तसंच वाटलं. पण सहा मार्चला त्या एक दिवस तिकडं गेल्या होत्या. आईच सांगत होत्या, त्या दिवशी त्यांनी भाकरी, आमटी, वडे आणि खीर खाल्ली, दुपारी पावणेचारला. बघा."

सगळं निळं. सहा मार्चला आबांचं, म्हणजे वडिलांचं, श्राद्ध होतं. धैर्यशीलला तो दिवस चांगला आठवत होता. पाहुणे, भावकी, मजूर सगळे जेवून हात धुऊन बसले तरी आईच्या पोटात काही नव्हतं, आणि परत येताना गाडीत तो तासभर धुसफुसत होता.

अहवालाला आणखी एक रकाना होता. दोन-चार हातांच्या आत कुणाचा फोन आहे त्यावरून डबीला कळायचं की जेवताना जवळ कोण होतं. हजारो माणसांचे आकडे जमल्यावर डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं की एकच माणूस एकाच्या समोर सुखानं गिळतो आणि दुसऱ्याच्या समोर त्याचा घसा आवळतो. म्हणून 'सोबत' हा रकाना आला, आणि घराघरांत आग लागली. विट्याला म्हणे तीन भावांनी अहवाल पुढ्यात घेऊन वडिलांच्या पाळ्या नव्यानं ठरवल्या. एका सुनेनं आपला निळा अहवाल काचेत बसवून दिवाणखान्यात लावला होता. तासगावच्या पानावर सोबत म्हणून कुठं 'उज्ज्वला' होतं, कुठं 'कोणी नाही'. सांगलीच्या पानावर ओळीनं एकच नाव होतं. धैर्यशील. धैर्यशील. धैर्यशील.

"यंत्र आकडा सांगतं, कारण सांगत नाही," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "वाईट वाटून घेऊ नका."

परतीच्या रिक्षात शालनबाई पदर सावरत होत्या. डॉक्टरांच्या खोलीचं दार लोटलेलं असूनही त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"नळीतनं घालत्यात म्हंजे चव न्हाई कळायची न्हवं?"

"अजून काही ठरलं नाही, आई."

"मी आपलं इचारलं."

उज्ज्वला म्हणजे त्याची वहिनी, थोरल्या भावाची, सत्यजितची बायको. आबा गेल्यापासून आई पाळीनं राहायची, दोन महिने थोरल्याकडं, दोन महिने धाकट्याकडं. जानेवारीच्या शेवटी धैर्यशील न सांगता तासगावकडं गेला. दुपारचे तीन वाजले होते. द्राक्षं उतरायला आलेले मजूर जेवून झाडाखाली पडले होते, दादा पलंगावर घोरत होता, आणि आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून गार भाकरी आमटीत कुस्करत होती. जवळ रिकामी पातेली. धैर्यशीलचं डोकं फिरलं. तो वहिनीला नाही नाही ते बोलला. ज्या बाईनं साऱ्या घराला जेवू घातलं तिला मजुरांच्या मागनं उष्टंखरकटं वाढता, लाज कशी वाटत नाही, असंही बोलला. वहिनीनं एक शब्द उलट काढला नाही, तोंडाची एवढी फटकळ असून. तो त्याच दिवशी आईला घेऊन आला. पाळी संपली, यापुढं आई माझ्याकडंच, आणि माझ्या घरात पहिलं ताट तिचं.

आणि आता हे.

घरी आल्यावर त्यानं माळ्यावरून आपला आंबटपणा मोजायचा जुना मापक काढला. मणीच बिघडले असणार. ताक घेतलं, मोजलं, आकडा आला साडेचार. वाटीतलं ताक आईला घोट घोट प्यायला दिलं. वरच्या चारही मण्यांनी साडेचार दाखवलं. सव्वीस वर्षांत त्यानं इतकी नेमकी उपकरणं पाहिली नव्हती. त्याला यंत्राचा रागही धडपणे येईना.

मग त्यानं नमुना तपासावा तशी आईची तपासणी आरंभली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, हा प्रयोगशाळेचा पहिला नियम. एक दिवस भाताऐवजी आमटीत भिजवलेली भाकरी दिली. लाल. खुर्ची काढून पाटावर बसवलं. लाल. स्वतः बाहेर गेला आणि रविवारी माधवीला भरवायला सांगितलं. किंचित कमी लाल. तिच्या हातात वाटी देऊन तिला एकटीला बसवलं. ती वाटी हातात धरून बसून राहिली आणि दहा मिनिटांनी हाक मारून म्हणाली, "धैर्या, तू काय खाल्लंस का रं?"

अठरा तारीख आली. माधवी म्हणाली, "वहिनींना विचारत का नाहीस तू?"

"कुठल्या तोंडानं विचारू?"

"ज्या तोंडानं बोललास त्याच."

शेतावर बेदाण्याची शेड लागली होती. जाळ्यांवर पिवळट हिरवे मनुके वाळत होते आणि उज्ज्वला वहिनी मांडी घालून निवडत बसली होती. खराब झालेला मनुका उजवीकडं, देठ डावीकडं. तिनं वर बघितलं नाही.

"काय भाऊजी, वाट चुकलात?"

"वहिनी, आई इथं कशी जेवायची?"

"जमिनीवर बसून. उष्टं. तुम्ही बघितलं की तुमच्या डोळ्यांनी."

तो तिच्यासमोर खाली बसला. गेले अकरा आठवडे त्याच्या पाठीत जे काही ताठ होतं ते तिथं त्या गोणपाटावर मोडलं. "माझ्या हातून ती जेवत नाही," तो म्हणाला. "वीस तारखेला तिच्या पोटात नळी घालणार आहेत. मी सगळं करून बघितलं. तुमच्याकडं तिचा घास उतरायचा. का उतरायचा ते मला कळत नाही."

वहिनीचे हात थांबले. तिनं पदरानं कपाळ पुसलं.

"पहिल्या वर्षी मी पण आत्यांना, तुमच्या आईला, आधीच वाढायची. बाराच्या ठोक्याला. वाटलं, म्हातारं माणूस, भूक लागत असंल. तर ताट तसंच. माशा बसायच्या. सत्या आला का, गडी जेवले का, आमटी पुरंल का सगळ्यास्नी, ह्योच जप. एक दिवस मी वैतागून म्हटलं, ऱ्हाऊ दे, सगळ्यांचं झाल्यावर बसा. तर त्या दिवशी दीड भाकरी खाल्ली त्यांनी. मग तेच चालू झालं. सगळे उठले की आत्या पातेलं वाकडं करून बघायच्या काय उरलंय. कोण उपाशी न्हाई याची खात्री झाली की मग घास उचलायच्या."

"म्हणजे त्या दिवशी..."

"त्या दिवशी माझं पण ताट तिथंच होतं, भाऊजी. चुलीच्या अंगाला. मी पण त्याच पातेल्यातलं जेवायला बसणार होते. ते तुम्हाला दिसलं न्हाई."

धैर्यशीलला खरंच दिसलं नव्हतं. आत्ता आठवायला गेला तर चुलीजवळचं ते ताट त्याला स्पष्ट दिसलं.

"चुकलं माझं, वहिनी."

"चुकलं की." तिनं मनुके पुन्हा पुढं ओढले. मग विचारलं, "तुम्ही कधी जेवता आता?"

"तिचं झाल्यावर."

"आणि म्हणताय तिला जात न्हाई!" वहिनी पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडं बघत म्हणाली. "उपाशी पोरगं समोर बसवून कोण आई जेवंल हो?"

ती आईला न्यायलाही तयार होती, पण बेदाणा वाळून कोठारात जाईपर्यंत तिला स्वतःला बसायची फुरसत नव्हती, आणि वीस तारीख कुणासाठी थांबणार नव्हती. गाडीतूनच त्यानं डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

"असं घडू शकतं," त्या म्हणाल्या. "ते कडं पोटाच्या हुकमात नाही, वरून येणाऱ्या नसेच्या हुकमात आहे. मन धास्तावलेलं असलं की ती नस हुकूम देत नाही. निरोगी माणसाचं भागून जातं, यांचं कडं आधीच आखडलेलं आहे. किती वर्षांची सवय म्हणालात?"

धैर्यशीलनं हिशेब केला. आई सात वर्षांची असताना भाकऱ्या थापायला बसली होती, चार भावांच्या आणि बापाच्या. सतराव्या वर्षी चौदा माणसांच्या घरात सून होऊन आली. सगळे उठल्याशिवाय ती कधी बसली असेल, असा एकही दिवस त्याला आठवेना. लहानपणी आईला जेवताना त्यानं बघितलंच नव्हतं. ती जेवते हे माहीत होतं, एवढंच.

"सत्तर वर्षं," तो म्हणाला.

माधवीला हे पटलं नाही, म्हणजे कारण पटलं, उपाय पटला नाही.

"म्हणजे आजपासून आपण टेबलावर बसून गरम गरम हाणायचं आणि तिनं मागनं उरलंसुरलं खायचं? मी नाही हे करणार. ज्याच्यावरून तू वहिनींशी भांडलास तेच तू आता ठरवून करायचं म्हणतोयस."

"हो."

"तिला जगवायला तिचा अपमान करायचा."

"तिला तो अपमान वाटत नाही, माधवी."

"म्हणूनच तर मला राग येतोय."

तिचं खोटं नव्हतं. धैर्यशीललाही राग येत होता, फक्त कुणावर धरायचा ते कळत नव्हतं. सात वर्षांच्या पोरीला चुलीपुढं बसवणारे कधीच मरून गेले होते. शिवाय तो फार दमला होता. वाद घालायला लागते तेवढीसुद्धा ताकद उरली नव्हती. "परवाच्या दिवशी वीस तारीख आहे," एवढंच तो म्हणाला. माधवीनं खिडकी लावून घेतली. मग तिनं पीठ मळायला घेतलं.

संध्याकाळी सात वाजता धैर्यशील आणि माधवी जेवायला बसले. शालनबाईंना आधी काही दिलं नव्हतं. त्या ओट्याजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या, डबी छातीवर, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच दिसत होतं. नजर ताटांवरून फिरत होती.

"धैर्या, भाकरी गार व्हायच्या आत मोड. माधवी, तू पण घे ग. वांगं घे."

मध्येच त्या उठल्या, एका हातानं ओटा धरला आणि दुसऱ्या हातानं त्याच्या वाटीत आमटीचा डाव ओतला. थोडी आमटी ताटात सांडली. अकरा आठवड्यांत धैर्यशील पहिल्यांदा बसून, पोटभर जेवत होता. भाकरी गोड लागत होती. ती गोड लागते याची त्याला मनापासून लाज वाटत होती, आणि तरी त्यानं तिसरी भाकरी घेतली, कारण आई बघत होती.

दोघं उठले. माधवीनं टेबल पुसलं. आईनं ताट घेतलं, तिथंच ओट्याच्या कडेला, खाली, भिंतीला टेकून बसली. धैर्यशील बाहेरच्या खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं. आईनं जेवावं म्हणून आईला एकटं सोडून यायचं, याच्याइतकं अवघड काम त्यानं उभ्या जन्मात केलं नव्हतं. त्यानं फोन उघडला.

पहिला घास. चार रेघा उचलल्या. पाचवी, एकतीस. लाल.

दुसरा घास. एकतीस. लाल.

माधवी मागं येऊन उभी राहिली होती. हेही चुकलं, असं धैर्यशीलला वाटलं. वहिनीचं सगळं बोलणं म्हणजे एक सुंदर समजूत, आणि परवा सकाळी आईच्या पोटात नळी.

तेवढ्यात आतून हाक आली.

"धैर्या! आमटी उरलीया वाटीभर. घेतोस का?"

'तूच घे आई, तुझ्यासाठीच ठेवलीय,' हे त्याच्या अगदी ओठांवर आलं. अकरा आठवडे तो हेच म्हणत आला होता. आपलं काय ते नंतर, तू खा, तू घे. त्यानं दाराकडं बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "नको गं. माझं पोट भरलं. अगदी गळ्यापर्यंत झालंय."

"आणि माधवीचं?"

माधवीचा चेहरा कसनुसा झाला. "भरलं, आई," ती म्हणाली.

पाचवी रेघ हलली. अठ्ठावीस. बावीस. चौदा. रेघ निळी झाली, चार-पाच सेकंद निळी राहिली आणि सावकाश मिटली. मग पुढचा घास, पुन्हा निळा. त्याच्या पुढचा. आत पातेल्यात डाव खरवडल्याचा आवाज येत होता. धैर्यशीलला एवढा आनंद झाला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या आनंदाचीच त्याला किळस आली, दोन्ही एकदम. माधवीनं पडद्यावरून नजर काढली आणि ती गच्चीत निघून गेली. त्यानं फोन पालथा ठेवला. सोफ्यावर टेकला आणि टेकल्या टेकल्या झोपला.

वीस तारखेला नळी बसली नाही. डॉक्टरांनी दोन दिवसांचे आकडे पाहिले, चष्मा काढून पुन्हा पाहिले, आणि तारीख एक महिना पुढं ढकलली. 'सोबत' या रकान्यात सगळीकडं 'कोणी नाही' होतं. त्यांनी त्यावर काही विचारलं नाही, फक्त एक फॉर्म पुढं सरकवला. असे फॉर्म नातेवाइकांकडून भरून घ्यायची पद्धत होती. सुधारणा झाली तर काय बदल केला ते लिहायचं, म्हणजे इतर रुग्णांना उपयोग होतो. औषध, आहार, व्यायाम, झोपायची पद्धत, असे चौकोन होते. कुठल्याच चौकोनात खूण करता येईना. शेवटी 'इतर' पुढं एक ओळ रिकामी होती.

धैर्यशीलनं पेन उघडलं. बाहेर बाकावर आई शेजारच्या बाईला विचारत होती, सकाळपासनं काय खाल्लंसा का न्हाई. मग त्यानं लिहिलं, 'आम्ही आधी जेवतो', खाली सही केली आणि कागद डॉक्टरांच्या टेबलावर उलटा ठेवला.